पाचव्या पानावरचा खोकला

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. ज्याने ठेवला त्याला आजचा चहा मिळणार नाही, असं शिपाईमामांनी आधीच जाहीर करून टाकलं. मग शिक्षकांच्या खोलीतलं एकुलतं एक न डुगडुगणारं स्टूल ओढून ते ऐसपैस बसले. मधली सुट्टी होती. समोर नव्याने रुजू झालेले दोन मास्तर आणि एक तरुण मॅडम डबे उघडून बसले होते, आणि खिडकीपाशी, ज्यांची ही गोष्ट आहे त्या बाई स्वतः, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन वह्या तपासत होत्या. जिची गोष्ट तिच्याच समोर सांगायची म्हणजे धाडसच. पण मामांचं म्हणणं असं, की पाठीमागे थाप कोणीही मारेल. साक्षीदारासमोर मारायला छाती लागते.

तर त्या वेळी बाई नव्या होत्या. वेणी लांब, आवाज खणखणीत, आणि अंगात असा उत्साह की खडू हातात घेतला की खडूच घाबरायचा. त्यांना दुसरीचा वर्ग दिला होता आणि सांगितलं होतं, पोरांना इंग्रजी वाचायला शिकवा. शाळेत इंग्रजीचं पुस्तक होतं एकच. पण केवढं! चांगलं दाराएवढं. वर्गात न्यायचं तर पुढून एकाने आणि मागून एकाने धरायचं, आणि त्यात वारा सुटला की पुस्तक शिडासारखं फुगायचं आणि शिपायाला मैदानभर ओढत न्यायचं. एकदा तर मामा थेट पाण्याच्या टाकीवर जाऊन अडकले होते.

"टेबलावर मावत होतं ते," बाई वहीतून मान वर न काढता म्हणाल्या.

"टेबल मोठं होतं," मामा म्हणाले, आणि पुढे निघाले.

पुस्तकात गोष्ट होती एका बदकाची. त्याची लाल टोपी हरवते आणि ते ती सगळीकडे शोधत फिरतं. पानावर मोठं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत एक-दोन वाक्यं. बाई ते पुस्तक घडवंचीवर उभं करायच्या, हातात लांब काठी घ्यायच्या, एकेका शब्दाखाली काठी टेकवायच्या आणि म्हणायच्या, "आधी मी, मग तुम्ही." मग बाई म्हणायच्या, "डक हॅज अ हॅट." आणि सगळा वर्ग छप्पर उडेल अशा आवाजात ओरडायचा, "डक हॅज अ हॅट!" रोज. पहिल्या तासाला एकदा आणि सुटायच्या आधी एकदा. काही दिवसांनी बाईंनी नुसती काठी टेकवली तरी वर्ग म्हणू लागला. आणखी काही दिवसांनी काठीचीही गरज उरली नाही.

त्या आवाजाचा महिमा काय सांगावा! शाळेसमोर न्हाव्याचं दुकान होतं. तो या पाठाच्या तालावर कात्री चालवायला शिकला. "डक हॅज" म्हटलं की एक कट, "अ हॅट" म्हटलं की दुसरा. एकदा बाई रजेवर गेल्या तर ताल चुकून एका गिऱ्हाईकाची अर्धी मिशी गेली. ते गिऱ्हाईक म्हणजे खुद्द हेडसर. उरलेली अर्धी त्यांनी मग स्वतःहून काढून टाकली, आणि तेव्हापासून ते बिनमिशीचेच आहेत. फाटकाशी एक म्हातारा कुत्रा बसायचा, त्याला तर अख्खं पुस्तक पाठ होतं. फक्त 'हॅट'मधला 'ट' त्याला जमत नसे.

बाई वर्गाबाहेर यायच्या त्या हवेत चालत. का नाही येणार? दुसरीची पोरं, बोटाने अक्षरं दाखवत, घडाघडा इंग्रजी वाचतायत! हेडसर पाहुण्यांना मुद्दाम त्या वर्गावरून न्यायचे. बाजूच्या वर्गातली बाई जळून खाक व्हायची.

आता यात एक भानगड होती. ती बाईंच्या लक्षात आली नव्हती, आणि दुसऱ्या कोणाच्याही नाही.

झालं असं होतं, की पाचवं पान पहिल्यांदा शिकवलं त्या दिवशी बाईंना खोकला झाला होता. साधासुधा नाही, डांग्या—

"घसा बसला होता नुसता," बाई म्हणाल्या.

—घसा बसला होता. तर बाई म्हणाल्या, "व्हेअर इज द हॅट?" आणि खोकल्या. दोनदा. वर्गही म्हणाला, "व्हेअर इज द हॅट? खॉक्, खॉक्." पुढचं वाक्य होतं, "इज इट इन द बॉक्स?" ते म्हणत असतानाच खिडकीपाशी बसलेला एक पोरगा पाय वर खिडकीत टाकून झुलत होता, म्हणून बाई त्याच सुरात म्हणाल्या, "ए, पाय खाली घे!" वर्गाने तेही घेतलं. का घेणार नाही? आधी मी, मग तुम्ही! बाई खोकला बरा करून बसल्या, तो पोरगा पाय खाली घेऊन बसला, पण पाठात जे शिरलं ते शिरलंच. तेव्हापासून रोज अख्खा वर्ग पाचव्या पानावर एका सुरात खोकायचा, बॉक्सपाशी एका सुरात ओरडायचा, आणि मग बदक पुढे निघायचं. बाईंना ते ऐकू येत नव्हतं असं नाही. पण आपल्या घरातलं घड्याळ जसं रोज वाजूनही आपल्याला ऐकू येत नाही, तसं झालं होतं. फाटकाजवळचा कुत्रासुद्धा खोकायचा.

या वर्गात दोन जुळ्या बहिणी होत्या. एकीला सगळे भिंगरी म्हणायचे. ती एका जागी बसेल तर शपथ. सगळ्या वर्गाचा आवाज ती एकटी ओढून न्यायची. बाईंनी तोंड उघडायच्या आत हिचं "डक" सुरू. दुसरीला म्हणायचे गोगलगाय. ही वर्गाबरोबर कधी म्हणायचीच नाही. वर्ग बदकाची टोपी शोधून, मिळवून, टाळ्या पिटून मोकळा व्हायचा, तेव्हा हिचं बोट हवेत पहिल्याच ओळीवर असायचं. बाई तिला एकटीला उभं करायच्या. मग ती पुस्तकाजवळ यायची, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवायची, ओठ हलवायची आणि मोठ्या मुश्किलीने म्हणायची, "ड... डक." मागून खसखस पिकायची. तसं करत करत ती चार पानं ओलांडायची. आणि पाचव्या पानावर "व्हेअर इज द हॅट" झालं की थांबायची, ती थांबायचीच. बोट पानावरून वर जायचं, खाली यायचं, कोपऱ्यात जायचं. कधी पान उलटून मागे बघायची. डोळ्यांत पाणी. बाई विचारायच्या, "अगं, काय शोधतेस?" ती परत पान उलटायची. शेवटी भिंगरीच बाकावरून ओरडून पुढचं सांगून टाकायची आणि बहिणीला हाताला धरून जागेवर नेऊन बसवायची.

वर्षअखेर आली तसं हेडसरांनी विचारलं, "त्या गोगलगायीचं काय करायचं?" बाईंना वाईट वाटत होतं, पण त्या म्हणाल्या, "एक वर्ष इथेच राहू दे, सर. तिसरीत तिचे हाल होतील." हेडसर म्हणाले, "ठीक." एवढ्याशा बोलण्यात एका पोरीचं वर्ष गेलं.

दुसऱ्या दिवशी जुळ्यांची आई आली. ती घरी शिवणकाम करायची. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच होती, पदराला दोरे चिकटलेले. दारातच उभी राहिली.

"बाई, रागावू नका. पण दोघी एकाच दिवशी जन्मल्यात. फ्रॉक एकाच तागातून बेतते मी. एक वरच्या वर्गात आणि एक खाली, असं कसं करू? ही रडत नाही, काही नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून बसलीय."

"मला का हौस आहे, ताई?" बाई म्हणाल्या. "तिला येत नाही हो. पाचव्या पानापुढे जातच नाही."

"डोळे दाखवून आणले. डॉक्टर म्हणाले, घारीचे डोळे आहेत. कान दाखवले, कान ठीक. मग काय, डोकंच नाही म्हणायचं का?"

"तसं नका म्हणू."

"मी कशाला म्हणेन? तीच म्हणते. काल मला म्हणाली, आई, सगळ्यांना दिसतं, मलाच दिसत नाही. मी म्हटलं, काय दिसत नाही? तर परत भिंतीकडे वळली."

 काय दिसत नाही, हे बाईंनाही सुचेना. त्यांनी एवढंच केलं, की म्हणाल्या, "परवा तपासणीचे साहेब यायचेत. त्यांच्यासमोर आणखी एकदा वाचून घेऊ. तिने पाचवं पान ओलांडलं तर मी स्वतः हेडसरांना सांगते." आईने मान हलवली आणि गेली. जाताना बाईंच्या ब्लाउजची उसवलेली बाही बघून म्हणाली, "ही द्या माझ्याकडे उद्या." उपकार फेडायची घाई काही लोकांना उपकार व्हायच्या आधीच असते.

साहेब आले. मामांनी सांगितलेला साहेब असा उंच की दारातून येताना तो आधी कमरेत वाकला, मग गुडघ्यात, आणि आत येऊन उलगडायला त्याला थोडा वेळ लागला. बरोबर लिहून घेणारा एक माणूस. हेडसरांचं धाबं दणाणलेलं. बिनमिशीच्या ओठावर घामाची मिशी. वर्ग एका सुरात उठला, एका सुरात बसला. बाईंनी बदकाच्या पुस्तकाकडे हात नेला, तोच साहेब म्हणाले, "थांबा. शाळेसाठी नवीन पुस्तक आणलंय. हेच वाचू दे."

आणि त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं, घडवंचीवर ठेवलं, पहिलं पान उघडलं. काळ्या शाईच्या रेघांचं चित्र होतं, रंग नाहीत. चित्रात नदी, नदीत होडी, होडीत एक माणूस. बदक नाही. टोपी नाही.

बाई काठी उचलणार, त्याच्या आत भिंगरीने श्वास घेतला.

"डक हॅज अ हॅट!"

आणि सगळा वर्ग सुटला. बोटं हवेत, नजर पुस्तकावर, होडीखालच्या एकेका शब्दावर बरोबर बोट सरकवत, "द हॅट इज रेड!" बाईंना वाटलं आपल्यालाच काहीतरी झालंय. साहेबांनी पान उलटलं. वर्गाला काही फरक नाही. साहेबांनी पुस्तक उलटं धरलं. वर्ग वाचतोय. साहेबांनी पुस्तक मिटलं, काखेत घातलं, तरी वर्ग त्यांच्या काखेकडे बोट दाखवून वाचतोय. "व्हेअर इज द हॅट? खॉक्, खॉक्!" अख्खा वर्ग खोकला. समोरचा न्हावी खोकला, त्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक खोकलं, फाटकाशी कुत्रा खोकला. लिहून घेणारा माणूस दचकून दोन पावलं मागे गेला. "इज इट इन द बॉक्स? ए, पाय खाली घे!" साहेबांनी खरोखर आपले पाय बघितले.

"थांबा रे," बाई म्हणाल्या. कोण थांबतंय? त्या काळी ती गाडी एकदा निघाली की टोपी सापडल्याशिवाय थांबत नसे. साहेब व्हरांड्यात गेले, वर्ग चालूच. परत आले, वर्ग चालूच. शेवटी "गुडबाय, डक!" झालं, टाळ्या झाल्या, पोरं हात बांधून छाती पुढे काढून बसली, शाबासकीची वाट बघत.

साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, यात बदक कुठेय?"

बाईंना तोंड वर करवेना. वर्षभराचा पाठ त्यांना पहिल्यांदा ऐकू आला होता. त्यात बदक किती होतं आणि त्या स्वतः किती होत्या! पोरांनी अक्षर वाचलंच नव्हतं. पोरांनी बाईंना पाठ केलं होतं, खोकल्यासकट. जिला त्या वर्गाची शान म्हणत होत्या ती भिंगरी तोंडभर हसत बसली होती, आणि तिला 'बी' आणि 'डी'सुद्धा वेगळे सांगता आले नसते. हेडसर छताकडे बघत होते. मामा दाराशी उभे होते. ते म्हणतात, त्या वेळी बाईंचा चेहरा बघून भिंतीवरच्या पालीनेसुद्धा मान फिरवली.

आणि त्या शांततेत मागच्या बाकावरून आवाज आला. बारीक, गंजलेल्या बिजागरीसारखा.

"अ... बोट."

सगळे वळले. गोगलगाय बोट हवेत धरून बसली होती. साहेबांनी पहिलं पान उघडलं तेव्हापासून तिचं चालू होतं. आता कुठे तोंडाशी आलं होतं.

"काय म्हणालीस?" बाई म्हणाल्या.

पोर घाबरून उभी राहिली. बाईंनी साहेबांच्या काखेतलं पुस्तक काढून घेतलं, हो, विचारलंसुद्धा नाही, आणि मागच्या बाकापाशी जाऊन फरशीवरच बसल्या. पुस्तक मांडीवर उघडलं. "पुढे?"

"द... बोट... इज... ब्... ब्लू."

बाईंनी चित्र पाहिलं. काळ्या रेघा. होडी निळी आहे हे त्या चित्रात कुठेच नव्हतं. ते फक्त अक्षरांत होतं, आणि अक्षरांतून ते या पोरीने काढलं होतं. भिंगरी बाकावर उभी राहून बघत होती. तिला कळेना की बदक नसताना बहीण काय वाचतेय.

"अगं, मग बदकाच्या पुस्तकात पाचव्या पानावर काय होतं तुला?" बाईंनी विचारलं.

गोगलगायीने आधी भिंगरीकडे बघितलं, मग बाईंकडे. मग एकदाचं सांगून टाकलं.

"तिथे खोकला लिहिलेला नाहीये, बाई. मी खूप शोधला. मागच्या पानावर पण बघितलं. पाय खाली घे पण नाहीये. सगळ्यांना दिसतो. मला एकटीलाच दिसत नाही."

बाई हसल्या की रडल्या ते मामांना अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी पोरीला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "नाहीये गं. तिथे नाहीचे. तुला दिसत नाही कारण तो नाहीचे." एवढंच परत परत. आणि मग म्हणाल्या, "वाच. होडीचं काय झालं ते वाच. तुला हवा तेवढा वेळ घे."

"आणि मग?" तरुण मॅडमने विचारलं. तिचा घास हातातच होता.

"मग काय!" मामांनी स्टुलावर बूड सावरलं. त्यांच्या आवाजाला आता शीड लागलं होतं. "पोरीने वाचायला घेतलं. एकेक शब्द, एकेक शब्द. होडीला भोक पडलं, होडीत पाणी शिरलं. एवढा मोठा साहेब, पण त्या टीचभर बाकावर बसला आणि हलला नाही. सुटायची वेळ झाली, घंटा द्यायला माझा हात उठेना. न्हावी कात्री घेऊन खिडकीशी, गिऱ्हाईक अर्ध्या केसांनी त्याच्या मागे. ऊन कलंडलं तरी साहेब तिथेच. होडी काठाला लागली तेव्हा तो ढसाढसा रडला, अश्रूंनी लिहिणाऱ्याचे कागद भिजून गेले. मग उठला, पोरीला खांद्यावर घेतलं, आणि हेडसरांना म्हणाला, हिला मागे ठेवाल तर याद राखा! ही तिसरीत नाही, एकदम चौथीत—"

"खोटं!"

बाईंनी पेन वहीवर ठेवलं होतं. चष्मा काढला होता. मास्तरांचे डबे थांबले.

"साफ खोटं आहे, मामा. इथवर काही बोलले नाही, कुत्र्याला खोकवलंत तेही चालवून घेतलं. पण हे नाही. 'ब्लू'नंतर साहेबांनी घड्याळ बघितलं आणि गाडीत जाऊन बसले. हेडसर त्यांच्या मागे पळाले. तुम्हीही पळालात, फाटक उघडायला. बाकीची पोरं मी मैदानात सोडली. पाणी शिरलं, होडी बुडाली, माणूस पोहत आला, तेवढं सगळं तिने वाचलं तेव्हा त्या वर्गात मी होते आणि भिंगरी होती, दुसरं चिटपाखरू नव्हतं. होडी बुडाली, मामा. काठाला लागली म्हणे! आणि तिसरीत घालायला साहेब कशाला लागतोय? ठेवा म्हणून मी सांगितलं होतं, पाठवा म्हणूनही मीच सांगून आले."